'साहेबांचा आजार': एका समजुतीची सव्वाशे वर्षे

दर मार्च महिन्यात माझ्याकडे एका विशिष्ट प्रकारचे पेशंट वाढतात. वय चाळीस ते पंचावन्न, हातात कंपनीने करवून दिलेल्या 'एक्झिक्युटिव्ह हेल्थ चेकअप'ची जाडजूड फाइल, आणि दर दोन मिनिटांनी थरथरणारा मोबाइल. फाइल उघडण्याआधीच ते निदान सांगून टाकतात, "डॉक्टर, बाकी काही नाही, स्ट्रेस आहे. आमच्या लेव्हलला तो असणारच." सांगताना त्यात थोडी तक्रार असते आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही असतो. हृदयविकार म्हणजे मोठ्या पदाची किंमत, अशी ही समजूत आहे. ती आपल्याकडे कुठून आली आणि संशोधनात तिचं पुढे काय झालं, ते आज सांगतो. मला स्वतःला ही गोष्ट वैद्यकीच्या अभ्यासक्रमात कुणी सलग शिकवली नव्हती, तुकड्यातुकड्यांनी कळत गेली.

राग आणि छातीतलं दुखणं यांचा संबंध डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. लंडनचा प्रसिद्ध शल्यचिकित्सक जॉन हंटर याला अंजायनाचा त्रास होता, आणि कुणीही आपल्याला चिडवलं तर आपला जीव जाऊ शकतो हे त्याने स्वतःच ओळखलं होतं. १७९३ साली सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बोर्ड मीटिंगमध्ये वादावादी झाली, तो रागाने बाहेर पडला आणि तिथेच कोसळून मरण पावला. (मीटिंगमुळे जीव जातो असं म्हणणाऱ्या माझ्या पेशंटांना मी हा किस्सा मुद्दाम सांगत नाही.) पुढे १९१० मध्ये सर विल्यम ऑस्लर यांनी अंजायनावर व्याख्यानं दिली. त्यात त्यांनी रंगवलेला रुग्ण म्हणजे धडाडीचा, महत्त्वाकांक्षी, सतत पूर्ण वेगाने पळणारा माणूस. ऑस्लर यांच्या रुग्णांमध्ये डॉक्टरांचाही भरणा बराच होता.

पण जरा थांबा. ऑस्लर यांच्याकडे येत कोण होतं? ज्यांना त्यांची फी परवडत होती, ते. गोदीतला हमाल छातीत कळ येऊन मेला तर त्याच्या दाखल्यावर 'वार्धक्य' किंवा 'हृदय थांबले' असलं काहीतरी लिहिलं जाई. इंग्लंडच्या १९३० च्या दशकातल्या मृत्युनोंदींत हृदयविकार वरच्या वर्गात जास्त दिसतो, त्यामागे सिगारेट, मोटार आणि लोणी आधी त्यांच्याकडे पोचलं हे एक कारण असेल. पण निदान करणारा डॉक्टर आणि ईसीजीचं यंत्रही आधी त्यांच्याकडेच पोचलं, हे दुसरं. म्हणजे समजूत अगदी निराधार नव्हती. पाहणाऱ्याला जेवढं दिसत होतं, तेवढ्यावर ती उभी होती.

ती घराघरांत पोचवली ती मात्र एका राष्ट्राध्यक्षाच्या झटक्याने. सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हरला सुट्टीवर होते. २३ तारखेला ते भरपूर गोल्फ खेळले, मध्ये मध्ये सरकारी फोनमुळे खेळ थांबत होता, दुपारी हॅम्बर्गरबरोबर कच्चा कांदा खाल्ला. पोटात गडबड वाटली तेव्हा त्यांनी दोष कांद्याला दिला. रात्री दोननंतर छातीत दुखायला लागलं. त्यांचे खासगी डॉक्टर आले, मॉर्फिन दिलं. सकाळी पत्रकारांना सांगण्यात आलं की अध्यक्षांचं पचन बिघडलं आहे. ईसीजी निघाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि मग कळलं की हा हार्ट ॲटॅक आहे. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार सुमारे साडेसहा टक्क्यांनी कोसळला.

बॉस्टनहून हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांना बोलावलं गेलं. त्यांनी पत्रकार परिषदेत हार्ट ॲटॅक म्हणजे काय हे अख्ख्या देशाला साध्या शब्दांत समजावलं. तोवर या आजारात महिना-दीड महिना सक्तीने पाठीवर झोपवून ठेवत. व्हाइट यांनी अध्यक्षांना लवकर खुर्चीत बसवलं, हळूहळू चालायला लावलं. ते स्वतः सायकलचे मोठे पुरस्कर्ते. आयझेनहॉवर पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले. पण लोकांच्या मनात चित्र पक्कं झालं: मोठी खुर्ची, मोठी जबाबदारी, मोठा झटका. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीत तर याला सरळ 'मॅनेजरचा आजार' असंच नाव पडलं होतं. आयझेनहॉवर १९४९ पर्यंत दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढत होते, हा तपशील मात्र चित्राच्या कोपऱ्यात राहिला.

आता सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ. मेयर फ्रीडमन आणि रे रोझनमन हे दोन हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्यांची गाद्या-कापडं बदलायला एक कारागीर आला आणि म्हणाला, तुमचे पेशंट काहीतरी वेगळेच दिसतात. खुर्च्या फक्त पुढच्या कडेला झिजल्या आहेत. म्हणजे माणसं टेकून बसतच नव्हती, उठून पळायच्या तयारीत बसत होती. फ्रीडमन यांनी नंतर कबूल केलं की त्या वेळी हे त्यांनी कानाआड केलं.

पुढे १९५७ मध्ये दोघांनी एक छान प्रयोग केला. अमेरिकेत आयकर विवरणपत्राची शेवटची तारीख १५ एप्रिल. आपल्याकडच्या सीए मंडळींना जुलै-सप्टेंबर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. चाळीस अकाउंटंट्सचं रक्त जानेवारीपासून जूनपर्यंत पुन्हा पुन्हा तपासलं. तारीख जवळ आली तसं कोलेस्टेरॉल चढलं आणि रक्त लवकर गोठू लागलं. मे-जूनमध्ये दोन्ही खाली आलं. खाणं किंवा व्यायाम फारसा बदललेला नव्हता. ताणाचा परिणाम रक्तात मोजता येतो, हे इतक्या सरळपणे क्वचितच कुणी दाखवलं होतं.

इथून 'टाइप ए' जन्माला आला. सतत घाईत, स्पर्धेत, दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करणारा, लवकर चिडणारा तो टाइप ए. निवांत तो टाइप बी. १९६० नंतर त्यांनी कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांमधल्या ३ हजारांहून अधिक पुरुषांचा साडेआठ वर्षं पाठपुरावा केला. टाइप ए गटात हृदयविकार साधारण दुपटीने निघाला. १९७४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि 'टाइप ए' हा शब्द पार्टीत गप्पा मारताना वापरण्याइतका लोकप्रिय झाला.

त्याच काळात माकडांनीही यात भर घातली. १९५८ मध्ये जोसेफ ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या जोड्या केल्या. दोघांना सारखेच विजेचे हलके झटके, पण एकाच्या हातात कळ. त्याने ती वेळेवर दाबली तर झटका दोघांचाही टळायचा. कळवाल्याला नाव दिलं 'एक्झिक्युटिव्ह' माकड. त्यांना अल्सर झाले आणि ती मेली, जोडीदार मात्र ठीक राहिले. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? जबाबदारी अल्सर करते, सिद्ध झालं! पण प्रयोगात मोठी गफलत होती. कोणतं माकड साहेब होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. जी कळ पटकन आणि जास्त दाबत होती, म्हणजे मुळातच जास्त तडफडणारी होती, तीच निवडली गेली होती. दहाएक वर्षांनी जे वाइस यांनी उंदरांवर नीट, योगायोगाने वाटणी करून प्रयोग केले तेव्हा निकाल अगदी उलटा आला: ज्याच्या हातात नियंत्रण होतं त्याला अल्सर कमी झाले, ज्याला निमूटपणे झटके सोसायचे होते त्याला जास्त. माणसाच्या अल्सरचं म्हणाल तर पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी बहुतेक अल्सरांमागचा जंतूच शोधून काढला. मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूचा द्रव स्वतः पिऊन पाहिला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. साहेबांचा अल्सर प्रतिजैविकांनी बरा होऊ लागला.

अमेरिकेत हे चालू असताना लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचा एक डॉक्टर वेगळ्याच प्रश्नावर काम करत होता. त्याने अभ्यासासाठी साहेब निवडलेच नाहीत, त्याने बस निवडली. लंडनची लाल दुमजली बस. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच संस्थेचे नोकर, एकाच थरातले, एकाच गाडीत. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीतला जवळजवळ सगळा वेळ बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. सुमारे ३१ हजार लोकांची आकडेवारी १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, उशिरा होत होता, आणि झालाच तरी त्यातून तडकाफडकी मरण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या मानाने बरंच कमी होतं. टपाल वाटणारा पोस्टमन आणि टपाल खात्यातच खुर्चीवर बसणारा कारकून यांच्यातही हाच फरक निघाला.

ज्यांनी मुंबईत दुमजली बसच्या त्या अरुंद जिन्यावर खांद्याला चामड्याची पिशवी लावून, टिकटिक वाजवत वर जाणारा कंडक्टर पाहिलाय, त्यांना हे चित्र लगेच उभं राहील. आता तोही जिना जवळजवळ इतिहासजमा झाला.

मॉरिसबद्दल मला आदर वाटतो तो त्याच्या पुढच्या कामामुळे. हा फरक खरंच पायऱ्यांमुळे आहे, की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत होती? त्याने गणवेशाच्या नोंदी काढल्या. प्रत्येकाच्या पँटच्या कमरेचं माप तिथे होतंच! ड्रायव्हरांच्या कमरा प्रत्येक वयात मोठ्या निघाल्या, तरुणपणीही. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं, आणि हे त्याने १९५६ मध्ये स्वतःच छापलं. आपल्याच गाजलेल्या सिद्धांताला आपणच टाचणी लावणारे संशोधक थोडे असतात.

मग आलं खरं उत्तर, आणि ते दुसऱ्याच दिशेने आलं. १९६७ पासून लंडनच्या व्हाइटहॉल भागातल्या सरकारी कचेऱ्यांतल्या जवळपास १८ हजार पुरुषांची तपासणी झाली. इथे कुणी उपाशी नव्हतं, कुणी खाणीत राबत नव्हतं, नोकऱ्या सगळ्यांच्या पक्क्या, आणि उपचार सरकारी आरोग्यसेवेत सगळ्यांना फुकट. वर सचिव दर्जाचे अधिकारी, मग कार्यकारी श्रेणी, मग कारकून, आणि सगळ्यात खाली शिपाई, दरवान, निरोपे. समजुतीप्रमाणे वरच्या मजल्यावर हृदयविकार जास्त हवा होता. १९७८ मध्ये मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी साडेसात वर्षांचा हिशोब मांडला: सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या ३.६ पट. आणि मधे जिन्यासारख्या पायऱ्या. दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारीसुद्धा पहिल्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात होता.

तुम्ही म्हणाल, शिपाई बिड्या-सिगारेटी जास्त ओढत असतील. ओढत होतेच. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन हे सगळं हिशोबात घेऊनही फरकाचा निम्म्याहून मोठा भाग शिल्लक राहत होता.

मग शिल्लक काय? इथे अमेरिकेतल्या रॉबर्ट कारासेक यांचा १९७९ चा विचार उपयोगी पडतो. कामाचा बोजा ही एक गोष्ट, आणि ते काम कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवण्याची मुभा ही दुसरी. बोजा जास्त आणि मुभा कमी, हे मिश्रण घातक. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात १० हजारांहून अधिक स्त्रिया आणि पुरुष होते. त्यात ज्यांना आपल्या कामावर आपला ताबा नाही असं सातत्याने वाटत होतं, त्यांच्यात पुढे हृदयविकार जास्त निघाला. वाइसच्या उंदरांची आठवण झाली ना? मला तरी होते. साहेबाकडे बोजा असतो, पण मीटिंग पुढे ढकलण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. ती मीटिंग रात्री आठला ठेवली म्हणून ज्याची शेवटची लोकल चुकते, त्याच्याकडे तो नसतो.

'टाइप ए'चं काय झालं? फारसं बरं झालं नाही. पुढच्या मोठ्या अभ्यासांत त्याचा संबंध पुसट होत गेला. १९८८ मध्ये तर त्याच कॅलिफोर्नियाच्या लोकांपैकी पहिल्या झटक्यातून वाचलेल्यांचा हिशोब आला, आणि त्यात टाइप ए माणसं टाइप बीपेक्षा कमी मेली होती. शेवटी चाळणीत उरलं ते शत्रुत्वाचं, सतत धुमसणाऱ्या रागाचं खडं. आणखी एक गोष्ट २०१२ मध्ये तंबाखू कंपन्यांची जुनी कागदपत्रं तपासताना पुढे आली. 'टाइप ए'वरच्या बऱ्याच संशोधनाला पैसा तंबाखू उद्योगाने पुरवला होता. कारण उघड आहे: हृदयविकार स्वभावामुळे होतो म्हटलं की सिगारेट सुटते. अर्थात यामुळे फ्रीडमन यांचं सगळं काम खोटं ठरत नाही. १९८६ मध्ये त्यांच्या गटाने झटका येऊन गेलेल्या रुग्णांना घाई आणि राग कमी करायला शिकवलं, तेव्हा साडेचार वर्षांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत २१.२ टक्के होतं, ते या गटात १२.९ टक्क्यांवर आलं. फ्रीडमन यांना स्वतःला पंचावन्नाव्या वर्षी झटका आला होता. पुढे ते नव्वदीपर्यंत जगले.

म्हणजे मोठ्या पदावरच्या माणसाने निर्धास्त व्हावं का? नाही, कारण एक गोष्ट पदाकडे बघत नाही, ती म्हणजे तास. जपानमध्ये १९७० च्या दशकाअखेर अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला 'कारोशी' असं नाव मिळालं. व्हाइटहॉलच्याच लोकांत, रोज तीन-चार तास जादा थांबणाऱ्यांत हृदयविकार सुमारे ६० टक्क्यांनी जास्त निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेला हिशोब असा: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्क्यांनी जास्त. घरी जेवताना लॅपटॉप उघडा असतो, ते तासही यात धरा.

भारतापुरतं आणखी एक सांगतो, कारण समजुतीचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. २००८ मध्ये 'क्रिएट' नावाची नोंदवही प्रसिद्ध झाली. देशातल्या ५० शहरांतले वीस हजारांहून अधिक हृदयविकाराचे रुग्ण. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं. सहा तास! गरीब रुग्णांत तीस दिवसांतले मृत्यू ८.२ टक्के, श्रीमंतांत ५.५ टक्के, आणि मिळालेल्या उपचारांतला फरक हिशोबात धरला की ही तफावत नाहीशी होत होती. हृदय तेच, आजार तोच, औषधं आणि प्रक्रिया मात्र तितक्या मिळाल्या नाहीत. शिवाय दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी. म्हणून "मला कसला हार्ट ॲटॅक येतोय, मी काय साहेब आहे का" असं म्हणत गॅसची गोळी घेऊन झोपणारा ड्रायव्हर मला फाइलवाल्या साहेबापेक्षा जास्त काळजीत टाकतो. आयझेनहॉवरसारख्याच्या बाबतीतही आधी पचनच बिघडलं होतं, लक्षात आहे ना? छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब, सोबत घाम आणि दम, आणि हे पंधरा-वीस मिनिटांत जात नसेल, तर ईसीजी निघेपर्यंत ती ॲसिडिटी नाही.

फाइलवाल्यांना मी मॉरिसचा १९७३ चा अभ्यास सांगतो, कारण तो खास त्यांच्यासारख्यांवर आहे. सुमारे १७ हजार मध्यमवयीन सरकारी अधिकारी, सगळे खुर्चीवर बसून काम करणारे. त्यांना पूर्वसूचना न देता सोमवारी सकाळी विचारलं: गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी मोकळ्या वेळात काय काय केलंत, मिनिटांसकट लिहा. पोहणं, झपाझप चालणं, बागेत खणणं असे दम लागणारे श्रम ज्यांच्या कागदावर होते, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण इतरांच्या एक तृतीयांश निघालं. रमतगमत फिरण्याचा तेवढा उपयोग दिसला नाही. फाइल बंद करून मीही हाच प्रश्न विचारतो, "परवा शुक्रवारी-शनिवारी दम लागेल असं काय केलंत?" बहुतेक जण आधी हसतात, मग आठवायला लागतात. आणि जाताना सांगतो की खाली गाडीत बसलेल्या ड्रायव्हरदादांना पाच मिनिटं वर पाठवा, त्यांचं बीपी बघायचंय. फी नको.